निरोगी दोन

माझ्या हातून डबी बदलली, असं मोठ्या बाई म्हणाल्या तेव्हा खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण माझा स्वभाव पडला तिखट. मी सरळ सांगून टाकलं, की या खोलीत मी कामाला लागल्यापासून एकही डबी इकडची तिकडे झालेली नाही, दुसरं काही कारण सुचत असेल तर ते बोला. बोलून मोकळी झाले आणि मग लक्षात आलं, की दुसरं कारण म्हणजे मी स्वतःच.

जरा नीट सांगते, नाहीतर माझं नेहमीचंच, आधी शेपूट आणि मग बैल. मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे माणसाच्या रक्तातल्या पेशी घेतात आणि त्यांना मागे नेतात, अगदी जन्माआधीच्या अवस्थेपर्यंत, जिथून पेशी पुढे काहीही होऊ शकते. अशा पेशींना मूळ पेशी म्हणतात. मग त्यांना मेंदूच्या वाटेला लावायचं. काही महिन्यांनी बशीत मसुराच्या डाळीएवढे पांढुरके गोळे तयार होतात. शास्त्रज्ञांनी त्यांना भलंमोठं नाव दिलंय, आम्ही दाणे म्हणतो. आत मेंदूच्या खऱ्याखुऱ्या पेशी असतात, एकमेकींना धरून असतात, विजेचे बारीक ठोके देतात. विचार वगैरे काही करत नाहीत. पाहुणे आले की पहिलं हेच विचारतात म्हणून आधीच सांगितलं. त्यांना खायला घालायचं काम माझं. जुनं गुलाबी पाणी काढायचं, ताजं घालायचं, दिवसाआड, घरी पाहुणे असोत नाहीतर अंगात ताप असो.

आमची प्रयोगशाळा एकाच आजाराच्या मागे लागलेली आहे. ऐन उमेदीत माणसाची आठवण पुसून टाकणारा आजार. काही घराण्यांत तो बापाकडून नाहीतर आईकडून खाली उतरतो. अशा रोग्यांच्या रक्तापासून आम्ही दाणे वाढवतो, आणि दाणे मोठे झाले की त्यांच्यात घाण साठायला लागते. रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की ती हिरव्या ठिपक्यांसारखी चमकते. कुठल्या औषधाने ठिपके कमी होतात ते बघायचं, हा आमचा धंदा. पण रोग्यांच्या दाण्यांशी तुलना करायला निरोगी माणसाचे दाणे लागतात, आणि निरोगी माणूस कधी येत नाही. आजारी माणूस आशेने हात पुढे करतो, निरोग्याला वेळ नसतो.

म्हणून मी माझं रक्त दिलं, आणि दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, मानगूट धरून घेऊन आले. तसं आपल्याच पेशी आपण हाताळू नयेत असा आमच्याकडे दंडक आहे. चुकून सुई बोटात गेली तर शरीर त्यांना परकं समजत नाही, झगडत नाही, घरचंच माणूस म्हणून आत घेतं. मोठ्या बाई म्हणाल्या, दोन हातमोजे घाल आणि जपून कर. बाई आमच्या प्रमुख. हुशार आहेत, पण गरज पडली की त्यांची नजर सोयीची होते. दादाच्या डबीवर ‘निरोगी एक’ अशी चिठ्ठी लागली, माझ्या डबीवर ‘निरोगी दोन’. कोण कोण ते फक्त आम्हा दोघींना ठाऊक.

आणि त्या सकाळी निरोगी दोनमध्ये हिरवे ठिपके दिसले. एखाददुसरा नाही, हवे तेवढे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाईंनी दुसरी बशी मागवली, तिसरी मागवली. सगळीकडे तेच. मग त्या मवाळ झाल्या आणि म्हणाल्या, रोग्याच्या डबीशी बदल झाला असेल गं, माणूस आहेस तू. तेव्हा मी ते वर सांगितलेलं तोंड वाजवलं. नंतर धुण्याच्या खोलीत जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले. माझ्या कामात चूक निघू दे म्हणून देव पाण्यात घालून बसायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.

बाई शेवटी म्हणाल्या, ओळख पटवून घेऊ. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, त्यावर आलेल्या पेशी आणि बशीतल्या पेशी ताडून बघायच्या, कुणाच्या ते कळतं. आजार ज्या एका जागी लिहिलेला असतो तीही जागा वाचून घेऊ. रोग्यांच्या काड्या आधीपासून होत्या, आमच्या दोघांच्या नव्हत्या. मी विचारलं, दादाची कशाला? बाईंनी चष्मा पुसायला घेतला. त्यांनी अगदी हळू सांगितलं, की तुमचे दोघांचे नमुने एकाच दिवशी आले होते, बदल झालाच असेल तर तुम्हा दोघांतही झाला असू शकतो.

म्हणजे ठिपके रोग्याचे असतील तर सगळेच सुटलो. नसतील तर माझे. नाहीतर दादाचे, आणि दादाला दोन मुली आहेत.

आता बाबांचं सांगायला हवं. आमचे बाबा आम्ही शाळेत असताना घरातून निघून गेले. दिव्याचा बल्ब उडाला होता, तो आणायला म्हणून गेले ते गेलेच. कुणी म्हणालं बसस्टँडवर दिसले, कुणी म्हणालं दुसऱ्या गावात. पोलिसांनी चार दिवस शोधल्यासारखं केलं. त्याआधी वर्षभर घरात नुसती धुसफूस होती. बाबा किल्ल्या पिठाच्या डब्यात ठेवायचे आणि आईवर ओरडायचे. आपलं दार सोडून शेजारच्या दाराची कडी वाजवायचे. आणि आईला हाक मारताना भलत्याच बाईचं नाव घ्यायचे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा तेच नाव. आईने त्यावरून काय ते ओळखलं. शिवाय ते घरातल्या चपला घालून गेले होते, म्हणजे ती सटवी जवळपासच राहत असणार, असा आईचा हिशेब. त्या नावाची बाई तिने गल्लीगल्लीत शोधली. सापडली नाही, पण तिला शिव्या घालायचं आईने आजवर थांबवलेलं नाही. बाबांना ती ‘तो माणूस’ म्हणते. आम्हीही तेच शिकलो. माझ्या लग्नाचं कुणी काढलं की मी म्हणायचे, एकाने बल्ब आणला तेवढं पुरे.

बाबा गेले तेव्हा आज माझं जे वय आहे त्याच वयाचे होते. हे मला धुण्याच्या खोलीतच सुचलं होतं. पण तेव्हा मी ते मनातल्या मनात मागे ढकललं.

दादा गाडी चालवायला शिकवतो. त्याच्या गाडीला दोन ब्रेक, एक शिकणाऱ्याचा, एक त्याचा. मी दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या शाळेच्या दारात जाऊन उभी राहिले. तो एका घाबरट बाईंना घेऊन निघाला होता. म्हणाला, बस मागे, बोलू जाता जाता. मी मागे बसले आणि त्याच्याकडे असं बघत राहिले जसं आजवर कधी बघितलं नव्हतं. पहिल्याच चौकात तो म्हणाला ‘डावीकडे’ आणि हात दाखवला उजवीकडे. त्या शिकाऊ बाईंनी गाडी मधोमध थांबवली. दादा हसला, म्हणाला, मी बोलतो ते ऐकू नका, हात बघा. हे त्याचं पहिल्यापासूनचं आहे, लहानपणी आम्ही त्यावरून त्याला पिडायचो. त्या दिवशी मात्र माझी पाचावर धारण बसली. पुढे तो चष्मा शोधायला लागला, आणि चष्मा त्याच्या कपाळावर. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं मी एरवी म्हटलं असतं. तेव्हा नुसतं कपाळाकडे बोट दाखवलं.

शिकाऊ बाई उतरल्यावर मी काडी काढली. मागचा नमुना खराब झालाय, असं खोटंच सांगितलं. त्याने भला मोठा आ केला. काडी फिरवून झाल्यावर म्हणाला, “माझा मेंदू तुमच्याकडे नीट उगवला का? एखादा दाणा परत दे गं, घरी कमी पडतोय.”

मी हसले. आणि हसता हसता माझ्या मनात आलं, याचे असू देत. माझे नकोत, याचे असू देत. डॅशबोर्डवर त्याच्या मुलींचा फोटो चिकटवलेला होता, दोघींचे दात पडलेले, तो मला समोर दिसत होता, तरी मनात आलं. क्षणभरच, पण आलं. काडी नळीत घालताना मला माझीच किळस आली. माझ्यासाठी ज्याने शाळेत मार खाल्ला, बाबा गेल्यावर ज्याने माझं बोट सोडलं नाही, त्याच्यावर मी हे ढकलत होते.

निकाल यायला वेळ होता. तेवढ्या दिवसांत मी भुतासारखी स्वतःच्याच मागावर होते. भाजीत मीठ घातलं का ते आठवेना, म्हणून पुन्हा घातलं, आणि सगळं फेकून द्यावं लागलं. शेजारणीचं नाव जिभेवर येऊन अडकलं. ते संध्याकाळी आपोआप आलं तेव्हा मी जिन्यात एकटीच मोठ्याने म्हणाले, आणि शेजारीण दार उघडून बाहेर आली. आधीही मी विसरायचेच की, सगळेच विसरतात. पण आधी ते नुसतं विसरणं होतं. कामात मात्र चूक नाही. प्रत्येक डबी उघडण्याआधी मी चिठ्ठी मोठ्याने वाचायला लागले, तेव्हा पलीकडच्या टेबलावरचा मुलगा हळूच कानात गाण्याची बोंडं घालून बसला.

निकाल आला त्या दिवशी बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं. दार लावलं तिथेच मला कळलं. एकही डबी बदललेली नव्हती. निरोगी एक दादाच होता आणि स्वच्छ होता. निरोगी दोन मी होते, आणि आजाराची खूण तिथे होती, जिथे ती या घराण्यांत असते तिथेच.

म्हणजे माझं काम चोख होतं. इतकं बरोबर असल्याचा इतका राग मला कधी आला नव्हता.

बाई बोलत होत्या. बशी म्हणजे माणूस नव्हे, म्हणाल्या. खूण असली तरी कधी सुरू होईल ते कुणाला सांगता येत नाही, नवी औषधं चाचणीत आहेत, लक्षणांच्या आधी गाठता आलं तर फरक पडतो. हे सगळं मी पाहुण्यांना पाठ म्हणून दाखवते, त्याच चालीत. मग त्या म्हणाल्या, आपल्याकडे लक्षणं नसलेल्या माणसाचा असा नमुना आजवर नव्हताच. हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. त्यांच्याही ते लक्षात आलं, आणि बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या की पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवायच्या ऐवजी स्वतःच प्यायल्या. मला संताप आला. मग हसू आलं. मी त्यांना म्हणाले, पुढच्या वेळी तेवढी चिठ्ठी बदला.

खायला घालायचा दिवस होता. मी आत गेले, दोन हातमोजे चढवले, सगळ्यांचं पाणी बदललं आणि निरोगी दोन शेवटी घेतली. दाणे तळाशी शांत पडलेले होते. जुनं पाणी काढलं, ताजं घातलं, झाकण लावलं. दुसरं काय करणार होते?

दादाला मी संध्याकाळी त्याच्या गाडीत सांगितलं, शेवटचे शिकाऊ गेल्यावर. आधी तो भडकला. खोटं बोलून काडी फिरवलीस, माझ्या मुलींचा प्रश्न होता आणि मला विचारलंदेखील नाहीस, असं बरंच बोलला. मी ऐकून घेतलं. गाडीत मनात आलेलंही मी सांगून टाकणार होते, पण त्याने समोरच्या भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं मुलींचं मनात आलं असेल, सुटल्या म्हणून. पण तो म्हणाला,

“म्हणजे बाबा पळून नव्हते गेले.”

मी ‘नाही’ म्हणाले, आणि मग आम्ही दोघं इतके रडलो की काचांवर वाफ धरली. इतकी वर्षं ज्याचं नाव घेतलं नाही तो माणूस घरातल्या चपला घालून बल्ब आणायला गेला होता आणि त्याला परत यायची वाट सापडली नव्हती. एवढंच झालं होतं. कुणीतरी हाताला धरून आणला असता तर आला असता.

पुढचा प्रश्न आईचा. तिला सांगायलाच हवं, असं दादाचं म्हणणं. म्हातारी होईपर्यंत ती एका नसलेल्या सवतीशी भांडत आली आहे. मी म्हणाले, आणि तुला कसं कळलं असं तिने विचारलं तर? बाबा निर्दोष हे सांगायचं म्हणजे त्यामागोमाग मला सांगावं लागणार होतं. एका हाताने नवरा परत द्यायचा आणि दुसऱ्या हाताने मुलगी काढून घ्यायची. शेवटी ठरलं, की मी एकटीने जायचं आणि नुसतं बाबांचं सांगायचं, बाकी काहीतरी थाप मारायची.

आई अजूनही कपडे दुरुस्त करते. बाह्या आखूड करणं, अस्तर बदलणं, कुणाच्या कंबरा ढिल्या करणं. मी गेले तेव्हा ती खिडकीपाशी मशिनवर होती. मी घोकून नेलेलं सगळं सांगितलं: असा एक आजार असतो, तो तरुणपणीच धरतो, त्यात माणूस किल्ल्या भलतीकडे ठेवतो, चिडतो, घरचं दार चुकतो, बायकोला दुसऱ्याच नावाने हाक मारतो. प्रयोगशाळेत या घराण्यांची माहिती बघता बघता माझ्या ध्यानात आलं, असं म्हणाले. माझा आवाज बरा लागला होता.

आईने मशिनचं चाक हाताने थांबवलं.

“म्हणजे ती नव्हतीच,” ती म्हणाली.

“नव्हती गं आई.”

“आणि मी तिला किती बोलले.” तिने चाकावरचा हात काढला नाही. “पायात चपला घरातल्या होत्या. मला कळायला हवं होतं. बाईकडे जाणारा माणूस बूट घालून जातो.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं झालं, निभावलं. जिवात जीव येतोय तोच तिने मान वर न करता विचारलं,

“तुला, का त्याला?”

मी थाप तयार ठेवली होती. ती मला आठवत होती, शब्दन् शब्द. पण आईसमोर ती तोंडातून निघेना.

“मला,” मी म्हणाले.

ती रडेल, ओरडेल, देवाला दोष देईल असं वाटलं होतं. तिने हात पुढे केला आणि माझ्या अंगातला कोट मागितला. मग खणातून पांढऱ्या फितीचा तुकडा काढला, शाईच्या पेन्सिलीने त्यावर माझं नाव, घराचा पत्ता आणि दादाचा फोन लिहिला, आणि कॉलरच्या आतल्या बाजूला फीत शिवायला घेतली. लहान मुलांच्या शाळेच्या कपड्यांना लावतात तशी. माझं डोकं फिरलं. म्हणाले, काय चाललंय तुझं, मी अजून इथेच आहे, मला माझं घर ठाऊक आहे, कदाचित वर्षानुवर्षं काही होणार नाही, औषधं येतायत, मीच ती करते आहे. खूप बोलले, लागेल असंही बोलले. तिने मला बोलू दिलं. बारीक, एकसारखे टाके घालत राहिली आणि शेवटी दाताने दोरा तोडला.

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “ह्यांच्या वेळी ठाऊक नव्हतं. नाहीतर ह्यांच्याही कोटाला लावली असती.”

कोट तिने माझ्या मांडीवर ठेवला, आणि दुसरी फीत मोजून कापली.

“तुझा दुसरा कुठाय? तो निळा?”

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला चटकन आठवेना. घरी होता, का कामावर खुंटीला, का दादाच्या गाडीत राहिला. आई माझ्याकडे बघत थांबली होती. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, थांबत होतं, पुन्हा मागे घेत होतं.

“आठवेल,” आई म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.